लॅब सोडून बायोइन्फर्मॅटिक्सला जाऊ का?

बदलापूरहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय, बायोइन्फर्मॅटिक्सकडे, म्हणजे जीन्स आणि प्रोटीनचा डेटा कॉम्प्युटरवर तपासायच्या कामाकडे, वळू का असं विचारतेय, थोडं लहान करून देते:

"ताई, मी २३ वर्षांची. मुंबई विद्यापीठातून बीएस्सी बायोटेक केलं, दीड वर्ष झालं अंबरनाथ एमआयडीसीत एका फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या असतात, डेक्सामेथासोन वगैरे, दिवसभर एचपीएलसी मशीनवर सॅम्पल लावायचे आणि कागदांवर सह्या करायच्या. लॅबचा कंटाळा आलाय म्हणून बायोइन्फर्मॅटिक्सकडे वळायचं म्हणते. कधी कधी वाटतं ही गोळी पोटात गेल्यावर नक्की काय करते ते आमच्याकडे कुणी विचारतच नाही. पण बारावीला पीसीबी होतं, गणित सुटलं ते सुटलंच. एक क्लास सहा महिन्यांचा डिप्लोमा दीड लाखात देतोय, १०० टक्के प्लेसमेंट म्हणतात. मावसभाऊ म्हणतो अमेरिकेत एमएस कर, ४० लाखांचं लोन मिळेल, घर तारण ठेवावं लागेल. बाबा म्हणतात हे काहीतरी नवीन खूळ आहे, आहे ती नोकरी धर, आणि पुढे हे सगळं एआयच करणार. काय करू? आणि माझा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, चालेल का?"

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा "कंटाळा आलाय म्हणून" वर अडकले आणि मनात म्हटलं हिला नको म्हणून सांगावं. कारण कंटाळा या कामातही आहे आणि भरपूर आहे. माझे कित्येक दिवस असे जातात की हॉस्पिटलमधून आलेल्या शीटमधे एकाच पेशंटचा नंबर तीन प्रकारे लिहिलेला असतो, कुठे डॅश कुठे स्पेस कुठे पुढचा शून्य उडालेला, आणि ते जुळवल्याशिवाय पुढे एक पाऊल टाकता येत नाही. एक्सेलमधे जीन्सची नावं टाकली की मार्च१ आणि सेप्ट२ वगैरे नावांच्या तारखा होतात, हा त्रास जगभर इतका झाला की शेवटी २०२० मधे जीन्सना नावं देणाऱ्या समितीने त्या जीन्सचीच नावं बदलली. तर सॅम्पल लावून लावून वैतागलेय म्हणून इकडे यायचं असेल तर इथे फाइली लावाव्या लागतील, एवढाच फरक. हां, एक आहे की तेच तेच काम स्क्रिप्ट लिहून मशीनवर टाकता येतं, आणि ते पहिल्यांदा जमतं तेव्हा जो आनंद होतो तो मला अजून होतो.

पण दुसऱ्यांदा वाचताना तुझं ते वाक्य दिसलं, गोळी पोटात गेल्यावर काय करते ते कुणी विचारत नाही. म्हणजे तुझा कंटाळा लॅबचा नाहीये असं मला वाटतं, आकडा येतो आणि त्या आकड्याचं पुढे काय ते कळत नाही, याचा आहे. आणि तसं असेल तर तू या विषयात यावंस असं मी मनापासून म्हणेन. फक्त एक रुपया भरायच्या आधी, कुठला फॉर्म भरायच्या आधी, एक काम कर.

तुझाच प्रश्न काही संशोधकांनी विचारून ठेवलाय, २०१४ ला छापलाय, आणि त्याचा सगळा डेटा कुणालाही फुकट मिळतो. चार माणसांच्या श्वासनलिकेतल्या स्नायूंच्या पेशी घेतल्या, प्रत्येकाच्या पेशींचे दोन भाग केले, एका भागाला १८ तास डेक्सामेथासोन दिलं आणि दुसऱ्याला नाही दिलं. मग दोन्हीकडचा आरएनए मोजला, म्हणजे कुठलं जीन किती चालू आहे ते. दम्याच्या पेशंटना स्टेरॉइड का लागू पडतं हे समजून घ्यायला केलेला प्रयोग होता तो. आज आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांना बायोकंडक्टर या आरच्या फुकट पॅकेजेसच्या संग्रहात हाच डेटा सरावाला देतात, पॅकेजचं नावच एअरवे. आठ कॉलम म्हणजे आठ सॅम्पल, आणि साठ हजारांवर ओळी म्हणजे जीन्स, प्रोटीन न बनवणारी पण धरून, बस. तुझी एचपीएलसी सांगते गोळीत डेक्सामेथासोन किती आहे, हा डेटा सांगतो ते पेशीत गेल्यावर काय काय हलतं. तुझ्याइतकी या डेटावर हक्क सांगणारी विद्यार्थिनी मला तरी दुसरी माहीत नाही!

आता हे तीन महिन्यांत शेवटपर्यंत ने. रोज तास-दीड तास, रविवारी जास्त. आर आणि ते वापरायला सोपं करणारं आरस्टुडिओ लाव, दोन्ही फुकट. पहिले दोन-तीन आठवडे नुसतं फाइल उघडणं, ओळी मोजणं, ग्राफ काढणं. मग डीईसेक२ नावाचं पॅकेज घेऊन कुठली जीन्स वाढली आणि कुठली कमी झाली ते काढ. यादीत एफकेबीपी५ दिसायला पाहिजे, डीयूएसपी१ दिसायला पाहिजे, पर१ दिसायला पाहिजे. दिसली की थांबू नकोस, खरी मजा तिथे सुरू होते, प्रत्येकाबद्दल वाच. डीयूएसपी१ हे पेशीतले सूज वाढवणारे सिग्नल बंद करायला मदत करतं, म्हणजे गोळीने सूज उतरते त्यातला एक धागा तुझ्या हातात आला. एफकेबीपी५ तर स्टेरॉइडच्या रिसेप्टरलाच आवरतं, म्हणजे पेशी औषध घेते आणि त्याचवेळी त्याला लगामही घालते. आणि पर१ हे शरीराच्या घड्याळाचं जीन, ते का हललं असेल, स्टेरॉइड घेणाऱ्या कितीतरी लोकांना झोप लागत नाही त्याचा याच्याशी काही संबंध असेल का, असे प्रश्न आपोआप पडायला लागतील. पडले तर बरं. तीन महिने झाले आणि एकही प्रश्न पडला नाही, नुसता कोड चालला म्हणून बरं वाटलं, तर तुला कदाचित प्रोग्रॅमिंग आवडतं आणि मग आयटीकडे जाणं जास्त शहाणपणाचं, तिथे सुरुवातीचा पगार जास्त मिळतो आणि वाट पण लहान आहे. आणि कॉम्प्युटरसमोर बसणंच नको झालं तर तुझे तीन महिने गेले, दीड लाख वाचले.

गणिताचं सांगते, कारण पीसीबीवाल्या मुलींचं घोडं नेमकं इथेच अडतं आणि अडायचं काही कारण नसतं. रोजच्या कामात तुला इंटिग्रेशनची गणितं कुणी सोडवायला सांगणार नाही. लागतं ते स्टॅटिस्टिक्स, आणि तेही डोक्यात उतरलेलं, पाठ केलेलं नाही. याच डेटावर बघ. चार माणसं मुळातच एकमेकांपेक्षा वेगळी, म्हणून औषधवाले चार एकीकडे आणि बिनऔषधाचे चार दुसरीकडे अशी ढोबळ तुलना केली तर माणसामाणसातला फरक मधे येतो, त्याऐवजी प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच करायची. हे कळलं की पेअर्ड डिझाइन कळलं, फॉर्म्युला नंतर बघ. दुसरं, माणसात प्रोटीन बनवणारी जीन्स साधारण २०,००० आहेत, प्रत्येकावर ०.०५ ची कसोटी लावली, म्हणजे योगायोगाने चुकायची मुभा शंभरात पाचदा ठेवली, तर औषधाने काहीही झालेलं नसताना सुद्धा १,००० जीन्स निव्वळ योगायोगाने "बदललेली" दिसतील. म्हणून पी-व्हॅल्यू, म्हणजे या कसोटीत येणारा आकडा, सुधारून घ्यावी लागते, आणि जो हे करत नाही त्याच्या यादीवर विश्वास ठेवायचा नाही. एवढं तुला आत्ता वाचून समजलं ना? मग बाकीचं पण समजेल. पुढे मशीन लर्निंगमधे खोल जायचं ठरवलंस तर लिनिअर अल्जिब्रा लागेल, तेव्हा एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन वर्गांवर फुकट कोर्स आहेत, दहावीचं गणित येत असलेला माणूस चिकाटीने करू शकतो.

आणि तुझं लॅबचं दीड वर्ष वाया गेलं असं अजिबात समजू नकोस. मी या कामात नवीन होते तेव्हाची गोष्ट सांगते. ब्रेस्ट ट्यूमरच्या सॅम्पल्सचा आरएनए डेटा माझ्याकडे आला, सगळ्या पेशंट बायका. मी पाइपलाइन, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या प्रोग्रॅम्सची साखळी, चालवली, सगळे रिपोर्ट हिरवे, क्वालिटी उत्तम, सुंदर ग्राफ, मीटिंगमधे दाखवले. लॅबमधे पंधरा-वीस वर्षं काढलेल्या एक बाई मागे बसल्या होत्या, त्यांनी एवढंच विचारलं, वाय क्रोमोसोमची जीन्स बघितलीस का? बघितली नव्हती. बघितली तर एका सॅम्पलमधे ती चक्क चालू होती आणि बायकांमधे जे झिस्ट जीन चालू असतं ते जवळपास शून्य. म्हणजे तो सॅम्पल त्या बाईचा नव्हताच, कुठेतरी ट्यूबचं लेबल बदललं होतं. सॉफ्टवेअरला त्याचं काही वाटलं नाही, वाटणार पण नाही, त्याच्या दृष्टीने आकडे एकदम स्वच्छ होते. त्यानंतर आजपर्यंत मी कुठलाही डेटा आला की आधी तो बाईचा की पुरुषाचा हे तपासते आणि मगच पुढे जाते. तू क्यूसीत हेच शिकलीयस, लेबल, बॅच, ब्लँक, कंट्रोल, कुणी कधी हात लावला. या सवयी कॉम्प्युटरच्या बाजूने येणाऱ्या मुलांना शिकवायला आम्हाला वर्षं लागतात.

तुझ्या बाबांच्या एआयच्या मुद्द्याचं उत्तर पण मला इथेच दिसतं. त्यांची भीती खोटी नाहीये, कोड लिहून द्यायचं बरंचसं काम आता एआय करतं आणि नुसता कोड लिहिता येतो या भांडवलावर इथे टिकणं कठीण होत जाणार. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रोटीनचे आकार कॉम्प्युटरवर ओळखणाऱ्या आणि नवीन प्रोटीन रचणाऱ्या लोकांना मिळालं, बेकर, हसाबिस आणि जम्पर, त्यातलं अल्फाफोल्ड हे एआयच आहे. पण ते शिकलं कशावर, तर १९७१ पासून प्रोटीन डेटा बँकेत लोकांनी एकेक करून जमा केलेल्या रचनांवर, आणि त्यातली एकेक रचना काढायला कुणीतरी लॅबमधे महिने, कधी वर्षं घातलीत. आणि ट्यूब बदललीय का, ही शंका अजून माणसालाच यावी लागते.

खूळ आणि नवीन, हे मात्र बाबांना नीट सांग, रागावून नको. प्रोटीनच्या साखळीला कुठे वळता येतं आणि कुठे नाही याचा नकाशा जी. एन. रामचंद्रन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासला बसून १९६३ मधे मांडला, आजही जगात कुठेही प्रोटीनची रचना तपासताना रामचंद्रन प्लॉट बघतात. पुणे विद्यापीठातलं बायोइन्फर्मॅटिक्स सेंटर १९८७ चं आहे, म्हणजे तुझ्यापेक्षा कितीतरी मोठं. परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संस्थेत अँटीमायक्रोबियल पेप्टाइड्सचा कॅम्प नावाचा डेटाबेस झाला, तो बाहेरच्या देशातले लोक पण वापरतात. आणि कोविडच्या वेळचं तर त्यांनाही आठवत असेल, डेल्टा आला, ओमायक्रॉन आला असं टीव्हीवर सांगायचे ते कशावरून, तर विषाणूची तीस हजार अक्षरं वाचून कुठलं अक्षर बदललं ते बघून. मुंबई महापालिकेने २०२१ मधे कस्तुरबा हॉस्पिटलात त्यासाठी लॅब सुरू केली. सॅम्पल मशीनमधे घालणारे हात आणि आलेली अक्षरं लावून बघणारे डोळे, दोन्ही लागले.

आता डिप्लोमा. मला स्पष्ट सांगायचंय, दीड लाख भरू नकोस. जे सहा महिन्यांत शिकवणार आहेत ते जवळपास सगळं फुकट आहे, आणि पीएचडीला किंवा चांगल्या कंपनीत निवड करताना त्या सर्टिफिकेटकडे कुणी फारसं बघत नाही, तू काय केलंस ते गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर दिसतंय का ते बघतात. १०० टक्के प्लेसमेंट म्हणतात ना, तर जाऊन विचार, मागच्या बॅचची मुलं आज कुठल्या पदावर आहेत, त्यातल्या दोघांशी बोलता येईल का. बऱ्याचदा ती नोकरी मेडिकल कोडिंगची किंवा क्लिनिकल डेटा एंट्रीची निघते. ती कामं वाईट नाहीत, ऐरोली-ठाण्याकडे कितीतरी घरं त्यावर चालतात, पण तुझ्या गोळीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळणार नाही आणि त्यासाठी दीड लाखाची पदरमोड कशाला.

पीजी मात्र कर, बीएस्सीवर या क्षेत्रात फार पुढे जाता येत नाही. बदलापूरहून रोज येऊन जाऊन करता येईल असं बघायचं तर माटुंग्याच्या गुरू नानक खालसा कॉलेजात एमएस्सी बायोइन्फर्मॅटिक्स आहे, फास्टने दादर किंवा कुर्ल्याला उतरून स्लो पकडायची. पुण्याला विद्यापीठाच्या सेंटरमधे आहे. बंगळुरूची आयबॅब ही संस्था याच विषयातल्या कामासाठी ओळखली जाते. आणि एक लक्षात ठेव, डिग्रीवर बायोइन्फर्मॅटिक्स लिहिलेलं असलंच पाहिजे असं काही नाही, पीएचडीसाठी जी सीएसआयआर-नेट परीक्षा द्यायची तिथे बायोइन्फर्मॅटिक्सचा वेगळा पेपरच नाहीये, सगळे लाइफ सायन्सेसच देतात. त्यामुळे एखाद्या चांगल्या विभागात एमएस्सी बायोटेकला प्रवेश मिळाला आणि तिथे कॉम्प्युटेशनल काम करणारे गाइड असतील तर नावासाठी ते सोडू नकोस, माझ्या मते चांगला गाइड डिग्रीच्या नावापेक्षा महत्त्वाचा. प्रवेशासाठी आयआयटी जॅम आहे, डीबीटीच्या, म्हणजे केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या, मदतीने चालणाऱ्या कोर्सेससाठी गॅट-बी आहे. काही ठिकाणी बारावीचं गणित मागतात तेव्हा फी भरायच्या आधी पात्रतेचं पान नीट वाच. गेट द्यायची झाली तर एक्सएल पेपर घे, बायोटेकच्या पेपरसारखं त्यात इंजिनिअरिंग मॅथ्स नाहीये, पण केमिस्ट्री सक्तीची आहे, आणि ती तर तू रोज करतेस.

एमएस्सीच्या शेवटच्या सहा महिन्यांचा प्रोजेक्ट मिळेल त्या ठिकाणी उरकायचा नाही, हे आत्ताच मनाशी ठरव. खारघरला अॅक्ट्रेक आहे, टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, पवईला आयआयटी आहे, परळची संस्था आहे, मुंबईत बसून हे सगळं लोकलच्या पासात मिळतंय. चार महिने आधीपासून ईमेल कर, "रिस्पेक्टेड सर आय अॅम इंटरेस्टेड" वाली नको, त्यांचा एक पेपर वाच, त्यावर एक खरा प्रश्न विचार आणि खाली तुझ्या एअरवेच्या कामाची लिंक दे. दहातल्या आठजणांचं उत्तर येणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस, परत पाठव.

नेटमधून जेआरएफ ही फेलोशिप निघाली तर पीएचडीला २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. त्यात माणूस बाबांकडे हात न पसरता राहतो. पण पैसे कधी कधी महिनोनमहिने उशिरा येतात, मी स्वतः तसे महिने काढलेत आणि आईच्या पेन्शनवर काढलेत, म्हणून सांगते, नोकरी सोडायच्या आधी सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेव. आणि पीएचडी म्हणजे पाच-सहा वर्षं धर, घरी लग्नाचा विषय निघणारच असेल तर हा आकडा आधीच सांगून टाक, लपवून ठेवला की पुढे दोन्हीकडून ओढाताण होते.

अमेरिकेचं. मावसभाऊ तुझ्या भल्याचंच बोलतोय, पण घर तारण ठेवून एमएस नको. तिथे एमएसचा खर्च बहुतेक वेळा आपलाच असतो, पीएचडीला मात्र साधारणपणे फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो. तर जायचंच असेल तर इथे एमएस्सी करून, एखाद-दोन वर्षं लॅबमधे प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम करून, नाव लागलेला पेपर असेल तर तो घेऊन, पीएचडीसाठी जा. त्यातही २०२५ मधे तिथल्या संशोधनाच्या निधीला कात्री लागली आणि काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागाच कमी केल्या, म्हणून सगळी भिस्त एका देशावर नको. जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी नाही किंवा कमी आहे, पण वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटमधे, म्हणजे महिन्याला ठराविक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात, आणि तिथले बायोइन्फर्मॅटिक्सचे मास्टर्स गणित आणि कॉम्प्युटर सायन्सचे क्रेडिट मागतात जे आपल्या बायोटेकवाल्यांकडे नसतात. तुझ्या बाबतीत आत्ता लगेच तिकडे जाण्यात मला अर्थ दिसत नाही.

नोकऱ्यांबद्दल पण खरं सांगते. मुंबईत या कामाच्या जागा बंगळुरू-हैदराबादच्या मानाने कमी आहेत, घरापासून लांब राहायची तयारी ठेव. डायग्नोस्टिक कंपन्यांना कॅन्सरच्या आणि आनुवंशिक आजारांच्या टेस्टमधे दिसणारे डीएनएतले बदल वाचून रिपोर्ट करणारी माणसं लागतात, फार्मा कंपन्यांना लागतात, हॉस्पिटलांना हळूहळू लागायला लागलीत. आणि अजून एक, ज्याने मला स्वतःला फार बरं वाटलं: जीनोमइंडिया या सरकारी प्रकल्पाने १०,००० भारतीयांचे जीनोम, म्हणजे डीएनएतली सगळी अक्षरं, वाचले, तो डेटा जानेवारी २०२५ मधे फरीदाबादच्या सरकारी डेटा सेंटरमधून संशोधकांसाठी खुला झाला. इतकी वर्षं आपण आपल्या पेशंटचा बदल आजाराचा आहे की नुसताच वेगळेपणा, हे मुख्यतः युरोपियन लोकांच्या डेटाशी ताडून ठरवत होतो, आणि आपल्याकडच्या एखाद्या समाजात सर्रास सापडणारा निरुपद्रवी बदल तिकडच्या यादीत नाही म्हणून संशयित ठरायचा. हे दुरुस्त करायचं काम पुढची कितीतरी वर्षं पुरेल आणि ते आपल्याच माणसांनी करायला पाहिजे.

तर नोकरी आत्ता सोडू नकोस. आज सुरू कर, पुढचे तीन महिने एअरवे, ते जमलं तर पुढचा जॅम आणि गॅट-बीचा फॉर्म, अभ्यास लोकलमधे पण होतो, बदलापूर-अंबरनाथ फार नाही पण यायचं-जायचं मिळून रोजचं एक पान होईल.

आणि लॅपटॉप. ८ जीबी चालेल. तो आठ कॉलमचा डेटा त्यावर आरामात उघडतो. पुढे मशीनमधून निघालेल्या कच्च्या फाइली हाताळायच्या होतील तेव्हा एकेका माणसाचा जीनोम पन्नास-शंभर जीबीत जातो, तो घरच्या कुठल्याच लॅपटॉपवर कुणी करत नाही, तेव्हा गॅलक्सी नावाचा फुकट सर्व्हर वापर, ब्राउझरमधे चालतो, आणि नंतर कॉलेजचा सर्व्हर मिळेल. नवीन लॅपटॉप घेऊ नकोस. फक्त त्यात लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येत असेल तर बाजूला टाकून घे आणि चार्जर खराब झाला असेल तर तेवढा बदल. डीयूएसपी१ चा ग्राफ निघाला की मला पाठव, औषध दिलेले चार ठिपके वर आणि न दिलेले चार खाली दिसायला पाहिजेत, आणि डीईसेक२ च्या यादीत डीयूएसपी१ वाढण्याऐवजी कमी झालेलं दिसलं तर घाबरू नकोस, कुठला गट आधी आणि कुठला नंतर ते आर स्वतःच अक्षरांच्या क्रमाने ठरवतं, ते बदलून बघ.